सांध्यावरचा हात

जासई,
८ सप्टेंबर १९९६

तीर्थरूप किसनमामांस,
संघप्रियाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

जासईचं नाव वाचून पत्र फाडू नका, निदान या पानाच्या खालपर्यंत या. मी गोजराबाईंची मुलगी. तुम्ही मला पाहिलेलं नाही, मी तुम्हाला पाहिलेलं नाही. पण तुमची उंची मला माहीत आहे. आप्पा घरात नसले की आई दाराच्या चौकटीवर हात ठेवून दाखवायची, दादा इथपर्यंत लागायचा म्हणून.

आईला जाऊन येत्या सतरा नोव्हेंबरला वर्ष होईल. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरासमोर मांडव घालून करायचा आहे. भन्तेजी ठरले, आचारी ठरला. अडलंय फोटोवर. आईचा आमच्याकडे एकच फोटो, मतदार ओळखपत्रावरचा. काढणाऱ्याने नेमकं डोळे मिटताना पकडलंय. तो पनवेलला मोठा करून आणला, तर शेजारच्या रखमाकाकू चष्मा पुसून विचारतात, ही बाई कोण गं. त्या आईबरोबर तीस वर्षं पाणी भरायला जात होत्या.

म्हणून मागच्या रविवारी उरणला हारुनचाचांच्या स्टुडिओत गेले. ते तुमचे जुने मित्र, हे मला तिथे गेल्यावरच कळलं. त्यांनी तो फोटो पाहिला, उलटा ठेवला आणि म्हणाले की तुझ्या आईचा खरा फोटो जगात एकच आहे. डेपोतल्या छोट्या रेल्वेच्या इंजिनाजवळ उभी आहे, हसते आहे. निगेटिव्ह तुझ्या मामाकडे जुईनगरला आहे, पण तो देणार नाही. का देणार नाही, विचारलं तर चहा मागवला.

मामा, तुमचं आणि आप्पांचं काय आहे ते मला कुणी सांगत नाही. तुमचं नाव निघालं की आप्पा चपला शोधायला लागतात, एवढंच लहानपणापासून बघते. तुम्ही आमचा उंबरा ओलांडणार नाही आणि आमच्यातल्या कुणाला तुमचा ओलांडू देणार नाही, अशी तुमची शपथ आहे म्हणे. म्हणून येत नाही, लिहिते. उत्तर खांदेश्वरच्या पतपेढीच्या पत्त्यावर पाठवा, मी तिथे नोकरीला आहे. घरी पाठवलंत तर पोस्टमनलाच टेन्शन येईल.

फोटो द्याल?

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आपल्यात तो कधी नव्हताच, तर तो आता सुरू व्हावा, अशी विनंती.

आपली भाची,
संघप्रिया


जुईनगर,
१५ सप्टेंबर १९९६

चि. संघप्रियास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. तुझा 'ळ' गोजरासारखा आहे, पोटात हवा भरल्यासारखा फुगलेला. तिला अक्षर मी शिकवलं होतं, पाटीवर नाही, डेपोच्या भिंतीवर कोळशाने.

फोटो माझ्याकडे आहे. देणार नाही. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत लिहिता येईल.

तुला ती रेल्वे आठवायचं कारण नाही, रूळ उखडून भंगारात गेले तेव्हा तू दप्तर घेऊन शाळेत जात असशील. दारूगोळ्याच्या डेपोपासून धक्क्यापर्यंत मिठागरांच्या कडेने ती जायची. रूळ इतके जवळ की मी दोन्हीवर पाय ठेवून उभा राहायचो. निळं इंजिन, त्याच्यामागे ताडपत्री बांधलेल्या वाघिणी, आणि दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे ढीग. वेळापत्रक नाही, स्टेशन नाही. मी डेपोत टॅली क्लार्क होतो, पेट्या मोजायचो. पण मोजता मोजता कान त्या चाकांकडे असायचा. साहेब हौशी होता. त्याने फोटो काढायची तोंडी परवानगी दिली, फक्त पेट्यांवरचे आकडे येता कामा नयेत अशी अट घालून. मी पगार साठवून डबा कॅमेरा घेतला.

मग मला वेडच लागलं. रजा टाकून देवळालीला जायचो, तोफखान्याच्या साइडिंगचं फाटक बघायला. पुलगावला गेलो. खडकीला गेलो. कुठे हाकलून दिलं, कुठे अर्ज लिहायला लावून दिवसभर उन्हात बसवलं, एका सुभेदाराने मात्र स्वतः इंजिनावर चढून ऐटीत पोझ दिली आणि फोटो घरी पाठव म्हणाला. लोक लग्नाचे फोटो बघतात ना, तसे मी त्या वाघिणींचे फोटो बघायचो. आणि प्रत्येक गाडी वेगळ्या चालीवर बोलते हे मला तेव्हा कळलं. तोफांच्या वाघिणी संथ, सभेत उभ्या राहिलेल्या पुढाऱ्यासारख्या. आमची मिठागरातली मात्र भुजंगप्रयातात धावायची. लगागा लगागा लगागा लगागा. शाळेत शिकवतात ना, एक लघु, दोन गुरू. मी तिच्यावर दोन ओळीही केल्या होत्या:

निघाली निघाली निळी छोटि गाडी,
पुढे खार खाडी, मिठाचीच वाडी.

हसू नकोस. धक्क्याकडे निघालेल्या त्या गाडीबरोबर चालत म्हणून बघितल्या असत्यास, तर हसली नसतीस.

ते सगळे फोटो गेले. सगळे. देवळाली गेली, पुलगाव गेलं, तो सुभेदारही गेला. नोकरी गेली. ठरलेलं लग्न गेलं. बहीण गेली, ती जिवंत असतानाच. आणि गेल्या वर्षी ती खरीच गेली, तेव्हा अंत्यविधी आटोपून लोक घरी पोचल्यावर मला हारुनकडून कळलं. तुझ्या आप्पाला माझा पत्ता माहीत होता, बेटा. पंचवीस वर्षं हा माणूस माझी एकेक वस्तू घेत आला. आता त्याला हवी असलेली एक वस्तू माझ्याकडे आहे. मला पेन्शन नाही. म्हातारपणासाठी मी एवढंच राखून ठेवलंय, असं समज.

तो फोटो मी रोज संध्याकाळी काढतो, बघतो आणि परत ठेवतो. गोजरा बघायची असते म्हणून काढतो. आणि परत ठेवताना तुझ्या आप्पाला, धर्मराजाला, तो दिसणार नाही, या विचाराने मला झोप छान लागते.

लोभ तुझ्यावर सुरू झाला आहे. तुझ्या बापावर नजर आहे, ती तशीच राहील.

तुझा,
किसनमामा


खांदेश्वर,
२४ सप्टेंबर १९९६

ती. मामांस, सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र पतपेढीत जेवणाच्या सुट्टीत वाचलं. डबा तसाच राहिला. तुम्ही इतकं गोड लिहिता आणि मधेच एकदम सुरी काढता, की वाचणाऱ्याचा हात भाजीतच राहतो.

पण मामा, पत्रात गुन्हा कुठे आहे? काय काय गेलं ते लिहिलंत, आप्पांनी केलं काय ते लिहिलंच नाहीत. मी आप्पांना सरळ विचारलं. ते म्हणाले, त्यालाच विचार, त्याला सांगायची हौस असेल. मी म्हटलं, गावात मामांना हेर म्हणायचे ते खरं का. तर म्हणाले, लोक काहीही म्हणतात. मग तुम्ही काय म्हणालात, असं विचारलं, तर चपला.

हारुनचाचांनाही विचारलं. त्यांनी पुन्हा चहा मागवला. त्यांचा शाहिद म्हणतो, अब्बांकडे या विषयावर फक्त चहाच मिळतो.

तुमचा राग खरा असेल. पण आईने काय केलं होतं? तुम्ही शिक्षा आप्पांना देताय आणि डोळे मिटलेली आई भिंतीवर माझ्या वाट्याला येतेय. मला आई हसताना आठवते, पण कशी ते नीट आठवत नाही. वर्षातच पुसट झालं. तुम्ही रोज संध्याकाळी बघता ते मला एकदाही दिसू नये, हा कुठला न्याय?

काय झालं ते सांगा. आणि काय केलं म्हणजे फोटो द्याल, तेही सांगा. मी पतपेढीत वसुली बघते, अटींना घाबरत नाही.

लोभाचा हप्ता वेळेवर भरते आहे, नोंद व्हावी.

संघप्रिया


जुईनगर,
१५ ऑक्टोबर १९९६

चि. संघप्रियास, जयभीम.

काल धम्मचक्र दिन होता. विहारात सकाळपासून होतो. तिथे वैर टाकून द्यावं असं भन्तेजींनी फार सुंदर सांगितलं. मला पटलं. घरी येईपर्यंत पटलेलं होतं.

आता ऐक.

मी आणि तुझा आप्पा एका वर्गात. वर्गात म्हणजे दाराशी. आत बसायची आमची सोय नव्हती, ते दिवस तुला पुस्तकातून माहीत असतील. पण कवितेच्या तासाला गुरुजी हाक मारायचे, किसन, धर्मा, आत या. कारण वर्गात गळा होता तो आम्हा दोघांनाच. आम्ही चालीवर कविता म्हणायचो आणि आत बसलेली पोरं आमच्या मागून म्हणायची. तास संपला की पुन्हा दाराशी. लघु-गुरूच्या खुणा गुरुजींनी आमच्याकडून फळ्यावर काढून घेतल्या. लघूला अर्धचंद्र, गुरूला आडवी रेघ. धर्मा तर माझ्याहून पटकन काढायचा. मला कविता म्हणजे आत जाणं वाटायचं. अजून वाटतं. त्यालाही वाटत असणार, असं मी धरून चाललो.

पुढे तो त्याच डेपोत सांधेवाला लागला. त्याने दांडा ओढला की गाडी धक्क्याच्या रुळावरून गोदामाच्या रुळावर जायची. मीच गोजरा त्याला दिली. आमच्यात वयाचं अंतर बघत होते, मी गळा बघितला.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद. हौशी साहेबाची बदली झाली होती. कुणीतरी वर कळवलं की एक क्लार्क लष्करी रेल्वेचे फोटो काढतो. कुणी, ते मला कळलं नाही आणि त्याचा मला रागही नाही, लढाईत माणसं घाबरतातच. माझ्या घराची झडती झाली. फोटो टेबलावर ओतले. आणि नव्या साहेबाने ते उलटे केले.

प्रत्येक फोटोच्या मागे मी त्या गाडीची चाल लिहून ठेवायचो. अर्धचंद्र, रेघ, रेघ. अर्धचंद्र, रेघ, रेघ. रांगाच्या रांगा. साहेब परप्रांतातला. त्याला ती तारायंत्राची सांकेतिक भाषा वाटली. मी सांगतोय की साहेब, ही कविता आहे, तर तो शिपायाकडे बघून हसतोय. मग मी म्हटलं, सांधेवाल्या धर्मराजाला बोलवा, आम्ही एका शाळेतले, तो वाचून दाखवील. मीच बोलवायला लावलं, पोरी.

तो आला. खुणांकडे बघितलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, मला वाटलं आता चाल लागणार. साहेबाने विचारलं, हे काय आहे. तो म्हणाला, आपल्याला यातलं काही कळत नाही.

माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. बाहेर पडताना चप्पल उलटी घातली होती, तेवढं मी पाहिलं.

काही दिवसांनी मला सोडलं, सिद्ध काय होणार होतं. पण नोकरी गेली, फोटो-कॅमेरा परत मिळाला नाही, आणि पोरं रस्त्यात हेर आला म्हणून मागे धावायची. धर्माने गोजराला बजावलं की भावाशी संबंध ठेवलास तर माझी नोकरी जाईल. मी तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर लिखापढी करत म्हातारा झालो.

एक रीळ वाचलं. ते धुवायला हारुनकडे होतं आणि त्याने ते सकिनाभाभीच्या शेवयांच्या डब्यात लपवलं. त्याचं माझं रक्त एक नाही, शाळा एक नाही. लपवताना त्याला कळत होतं की सापडलं तर आपणही आत जाऊ.

तू अट विचारलीस. महिनाभर विचार केला. आधी वाटलं, द्यायचाच नाही. पण न देण्यात आता पूर्वीसारखी मजा येत नाही, तुझ्या पत्राने ती घालवली. तेव्हा देतो.

फोटोच्या खाली माझं नाव पांढऱ्या शाईने असेल. ते झाकायचं नाही. मागे त्या खुणा असतील, त्याखाली माझ्या दोन ओळी. सतरा तारखेला मांडवात, डेपोतली जुनी माणसं समोर बसलेली असताना, तुझ्या आप्पाने उभं राहून त्या खुणा मोठ्याने वाचायच्या, ओळी चालीवर म्हणायच्या, आणि शेवटी म्हणायचं की हे मला तेव्हाही येत होतं. शब्द हेच. मग खुशाल हार घालावा.

नाही म्हणाला तर ओळखपत्र आहेच.

लोभ वाढतो आहे, त्याचा त्रास होतो. असो.

किसनमामा


उरण,
२९ ऑक्टोबर १९९६

प्रिय किसन यास हारुनचा सलाम.

तुझी निगेटिव्ह पोचली. काळजी करू नकोस, शाहिदच्या नव्या कलर लॅबमध्ये दिली नाही. जुना एन्लार्जर माळ्यावरून उतरवला, सकिनाच्या शिव्या खाल्ल्या, आणि स्वतःच्या हाताने प्रिंट काढली. नाव खाली लिहिलं. मागे तुझ्या चंद्रकोरी-रेघा आणि दोन ओळीही काढल्या, तू दिलेल्या कागदाबरहुकूम.

पण एक गोष्ट तू सांगितलीस ती केली नाही. उजव्या कडेला सांध्याचा दांडा आहे आणि त्यावर एक हात आहे, खाकी बाही, मनगटापर्यंतच. तू लिहिलंस, तो धर्माचा हात आहे, तेवढा कापून टाक.

मी कापायला बसलो होतो. पट्टी लावली. मग गोजराकडे बघितलं. अरे किसन, तू हा फोटो पंचवीस वर्षं रोज बघतोस ना? ती कॅमेऱ्याकडे बघत नाही रे. जेवणाचा डबा डोक्यावर, मान जराशी उजवीकडे, आणि हसू सगळं त्या हाताकडे चाललंय. तो हात कापला तर ती कुणाला हसते? हवेला? फोटोग्राफर तू आहेस, मी फक्त धुणारा. पण धुणाऱ्यालाही डोळे असतात.

बदला घे. तुझा हक्क आहे, मी अडवणार नाही. पण बदला धर्माचा घे. गोजराचं हसू त्यात ओढू नकोस.

हात ठेवलाय. फोटो आज संघप्रिया घेऊन गेली. तू रागावशील, तर रागाव. चहाला ये, मग रागाव.

मेहरबानी असू दे आणि येणं-जाणं असू दे.

हारुन


जासई,
२० नोव्हेंबर १९९६

ती. मामांस, सप्रेम जयभीम.

झालं. तुमच्या शब्दाप्रमाणे झालं. पण जसं तुम्हाला वाटलं होतं तसं झालं का, ते तुम्हीच ठरवा.

फोटो घरी आणला त्या दिवशी आप्पा आधी भडकले. म्हणाले, या वयात मी मांडवात तमाशा करू का. तुम्हाला काय काय बोलले ते लिहीत नाही, त्यातले दोन शब्द मला नवीनच होते. मी फोटो मांडणीवर ठेवला आणि भाकऱ्या करायला गेले. आले तर फोटो त्यांच्या मांडीवर, पालथा. पुढची बाजू त्यांनी नंतर बघितली, मामा. आधी मागची.

सतरा तारखेला मांडव भरला होता. त्रिशरण-पंचशील झालं, दोघं-तिघं आईबद्दल बोलले. मग आप्पा उठले. मला वाटलं होतं कागदावरून पुटपुटतील. त्यांनी फोटो उलटा धरला, बोट ठेवून लघु गुरु गुरु, लघु गुरु गुरु असं पूर्ण वाचलं, आणि मग एकदम गळा लावला. मी माझ्या आप्पांना आयुष्यात गाताना ऐकलं नव्हतं. आवाज म्हाताऱ्याचा, पण चाल एखाद्या शाळकरी पोराची. मांडवाबाहेर भांडी घासणाऱ्या बायका हात तसेच ठेवून उभ्या राहिल्या. शेवटी आप्पा म्हणाले, हे मला तेव्हाही येत होतं. आणि ही कविता किसनची आहे. हे दुसरं तुमच्या अटीत नव्हतं.

लोकांना वाटलं, बायकोसाठी जपून ठेवलेली कविता म्हटली. रखमाकाकू डोळे पुसत म्हणाल्या, धर्मराजभाऊ, अजून एकदा म्हना, गोजराला लय आवडली असती. टाळ्या पडल्या, मामा. मी तुमचं तोंड डोळ्यांसमोर आणत होते.

पण एकाला कळलं. कान्हाकाका, ते त्या निळ्या इंजिनावर ड्रायव्हर होते. ते आणि आप्पा रोज संध्याकाळी नाक्यावर एकत्र बसतात, बसायचे. ते उठून आप्पांजवळ आले आणि हळूच विचारलं, म्हणजे त्या दिवशी तुला वाचता येत होतं. आप्पांनी मान हलवली. कान्हाकाका म्हणाले, आमी त्याला हेर हेर करीत होतो रे, पोरांना शिकवीत होतो. आणि न जेवता निघून गेले. परवापासून नाक्यावर आलेले नाहीत. आप्पा एकटेच बसून येतात.

फोटो भिंतीवर लावलाय. आई किती तरुण आहे. माझ्याच वयाची दिसते.

एक विचारायचं राहिलं. फोटोच्या कडेला दांड्यावर कुणाचा तरी हात आहे. आप्पा रोज त्याच्यासमोर उभे राहतात. काल मला म्हणाले, त्या सांध्यावर आम्ही तिघं सांधेवाले पाळीने असायचो, बाह्या सगळ्यांच्या सारख्याच. ही कुणाकडे बघून एवढी हसतेय. तुझ्या मामाला विचार, त्याने फोटो काढला. बेफिकीरपणे म्हणाले, पण चपला शोधल्या नाहीत.

कुणाचा आहे हो?

लोभाची पावती पाठवावी.

संघप्रिया


जासई,
२७ नोव्हेंबर १९९६

किसन,

पोरीच्या पत्रातून सगळं कळलंच असेल. तुझ्या मनासारखं झालं. कान्हा येत नाही.

माफी मागायला लिहीत नाही. त्या दिवशी मी हो म्हटलं असतं तर साहेबाने मलाही तुझा साथीदार धरलं असतं. गोजराला दिवस गेले होते, तुला माहीत नव्हतं. माझ्या हातात एक दांडा होता, गाडी एकाच रुळावर जाऊ शकत होती. मी घरच्या रुळावर घातली. आज पुन्हा तसंच करीन की नाही, सांगता येत नाही.

गोजराने मात्र मला ते कधी विचारलं नाही. रोज वाढताना ताट जरा जोरात ठेवायची. चोवीस वर्षं.

गुरुजींची चाल तिसऱ्या ठेक्याला जरा खाली उतरते, ती मला मांडवात नीट जमली नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाकी ठीक.

धर्मराज


जुईनगर,
८ डिसेंबर १९९६

चि. संघप्रियास, जयभीम व आशीर्वाद.

परवा चैत्यभूमीला जाऊन आलो. गुडघे दुखताहेत, म्हणून उशीर. तुझं पत्र आणि तुझ्या आप्पाचं कार्ड शेजारी शेजारी ठेवून बरेच दिवस बसलो होतो.

टाळ्यांचं वाचून आधी कपाळावर हात मारला. मी ज्याला फळ्यापाशी उभा केला त्याला लोकांनी बक्षीस दिलं. मग कान्हाचं वाचलं आणि बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. हाच कान्हा इंजिनाची शिटी वाजवून माझ्याकडे बघत हेर म्हणायचा. नाक्यावर धर्मा एकटा बसलाय हे चित्र मी दोन दिवस मनातल्या मनात धुवून काढत होतो.

मग कार्डावरचं कारण वाचलं. तुझ्यासाठी गप्प राहिला म्हणतो. कारण खरं आहे. म्हणून तर राग जास्त येतो. खोटं असतं तर एका शिवीत संपलं असतं. आता मी काय म्हणू, तू जन्माला यायला नको होतीस? तुझा 'ळ' बघितल्यावर तेही म्हणता येत नाही. माणसाने सूड घ्यावा आणि समोरच्याने आपली भाची पुढे करावी, हा सरळसरळ रडीचा डाव आहे, असं त्याला सांग.

ताटाचं मात्र त्याने लिहायला नको होतं. गोजरा अशीच. लहानपणीही रुसली की बोलायची नाही, पितळी आपटायची. तेवढ्या ओळीला मी थांबलो आणि उठून पाणी प्यायलो.

क्षमा केली असं समजू नकोस. त्याला सांग, पुढच्या सतरा नोव्हेंबरलाही म्हणायचं. त्याच्या पुढच्याही. तिसरा ठेका घसरला ते त्याला स्वतःला कळलंय, म्हणजे कान शाबूत आहे, सराव करावा. यापुढे ऐकायला मी येणार. उंबऱ्याची शपथ लगेच मोडत नाही. मी दाराशी बसेन, बाहेर, जसे आम्ही बसायचो. मांडवातल्या माणसांकडे पाठ करून बसेन. त्याची चाल बरोबर लागली तर आत येईन, नाही तर चहा बाहेर पाठव, पिऊन परत जाईन.

आता हाताचं. हात कुणाचा हे मला पक्कं माहीत आहे. कॅमेरा माझ्या पोटाशी होता आणि तो दांडा माझ्या नजरेसमोर. त्या हाताचा मालक त्या वेळी काहीतरी चावट बोलला होता, तेही मला ऐकू आलं होतं. गोजरा त्याच्यावर हसली. मी इतकी वर्षं समजत होतो की ती मला हसतेय. हारुनने ते माझ्याकडून काढून घेतलं, त्याच्याशी मी वेगळा भांडणार आहे.

पण पत्रात लिहिणार नाही. तू विचारू नकोस आणि हारुनलाही विचारू नकोस, त्याला चहाची ताकीद देऊन ठेवली आहे. तुझ्या आप्पाला रोज त्या फोटोसमोर उभा राहू दे. ती कुणाला हसली, याचा विचार करू दे. मी पंचवीस वर्षं एका वाक्याचा विचार केला, त्याने एका हाताचा करावा. पुढच्या वर्षी कविता झाली की मी दारातून सांगेन.

वर्ष फार वाटत असेल त्याला, या वयात वाटतंच. तसं असेल तर त्याने आधी बोलवावं. पण बोलवायचं कसं ते गुरुजींनी दोघांनाही शिकवलंय. नावाने हाक मारायची आणि आत ये म्हणायचं. कार्डावर नको, तोंडाने. माझ्या सोसायटीच्या खालीसुद्धा चालेल, मी दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकी रस्त्याकडे आहे, संध्याकाळी उघडी असते.

दांडा त्याच्या हातात आहे म्हणावं.

लोभ वसूल झाला, पावती हीच समज.

तुझा,
किसनमामा